अनुभव हवेत: कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलात, पुढे कशाला उपयोगी पडलं?

भाचीला बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचंय. साताऱ्याहून शिकायला पुण्यात आलीय, माझ्याकडेच राहते. ताईचा विरोध. फर्ग्युसनचे प्राचार्य आगरकर केवढे विचारवंत होते, असं मी म्हणून बघितलं, तर ती म्हणाली, "तेच ना, आईला पत्र लिहून श्रीमंतीची आशा सोडायला सांगणारे?" पुढं मला बोलता येईना. तेव्हा ज्यांनी हा विषय घेतला त्यांनी लिहा. 'दृष्टी मिळाली' वगैरे नको, नेमका प्रसंग सांगा.

टँकरवाला
हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र, मग बी.ए. तत्त्वज्ञान. आमच्या सरांचं ठरलेलं उदाहरण: पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. पण पाऊस पडला नाही म्हणून रस्ता कोरडा असेल, असं म्हणता येत नाही. पाण्याचा टँकर गळत गेला असेल. (पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको.) पहिल्याच प्रोजेक्टमध्ये मुदत ठेवींचं काम होतं. कागदावर लिहिलेलं, 'ज्येष्ठ नागरिक असल्यास अर्धा टक्का व्याज जास्त.' प्रोग्रॅमरनं परस्पर धरलं की ज्येष्ठ नसल्यास जास्त व्याज नाहीच. मी विचारलं, हे कुठं लिहिलंय? शोधल्यावर बँकेच्या कर्मचाऱ्यांना जादा दर देणारा वेगळा नियम सापडला. आजही तीन अटी दिसल्या की वहीत आठ ओळींचं सत्यता-कोष्टक (प्रत्येक अट खरी आणि खोटी धरून होणाऱ्या सगळ्या शक्यता) मांडतो. शेजारची इंजिनिअर मंडळी आधी हसायची, आता वही मागतात.

उपरा
एम.ए., नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), सगळं झालं. अकरा वर्षं तीन कॉलेजांत शिकवतोय. तत्त्वज्ञान शिकलो, तासिका तत्त्वावर जगतोय. उन्हाळ्याच्या सुट्टीत ना तासिका ना पैसे. भाचीला हेही सांगा.

कर्वेरोडची सून
माझा प्रसंग 2019चा. सासरे, म्हणजे आमचे दादा, आयसीयूत, व्हेंटिलेटरवर, वय 84. डॉक्टरांनी सांगितलं, सुधारणा होणार नाही. दोघे दीर आणि माझा नवरा पॅसेजमध्ये भांडत होते. धाकटे भाऊजी म्हणाले, "नळी काढायची म्हणजे आपण दादांना मारायचं." त्यावर सगळे गप्प. एस.वाय.ला नीतिशास्त्रात 'मारणं' आणि 'मरू देणं' यातल्या फरकावर आमचे तास झाले होते. तेव्हा मी मागच्या बाकावर डबा खात असे. पण त्या दिवशी ते आठवलं. म्हटलं, भाऊजी, आपण एकाच वेळी तीन प्रश्नांवर भांडतोय. दादांना काय हवं होतं? उपचारानं त्यांना काय मिळतंय? आणि आपल्याला कोणता अपराध वाटतोय? एकेक घेऊ. पहिल्यावर कुणाचंच दुमत नव्हतं, दादा कितीदा बोलून दाखवायचे. भांडण खरं तिसऱ्यावर होतं, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं. भाऊजी खूप रडले. 2018च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं उपचार थांबवायला वाट दिली होती, पण तेव्हाची प्रक्रिया फार किचकट. आम्ही कागद समजून घेत होतो तोवर तिसऱ्या रात्री दादा गेलेच. तत्त्वज्ञानानं दादांचं काही बदललं नाही. पण तिघे भाऊ आजही दिवाळीला एकत्र जेवतात. 2023मध्ये नियम सोपे झाल्यावर मी माझं वैद्यकीय इच्छापत्र (शेवटी कोणते उपचार नकोत, ते आधीच लिहून ठेवायचं) नोटरीसमोर करून ठेवलंय.

पेठेतला
सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून यूपीएससी करत होतो. पर्यायी विषय तत्त्वज्ञान, 500 मार्क. अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून सगळे घेतात तसा मीही घेतला. शिवाय 2013पासून नीतिशास्त्राचा 250 मार्कांचा पेपर आहेच, तिथंही उपयोग होईल म्हटलं. पूर्वपरीक्षा तीनदा नापास. मुख्य परीक्षेपर्यंत पोचलोच नाही, त्यामुळे उपयोग झाला की नाही ते सांगता येणार नाही.

निवृत्त बाई
कॉलेजात शिकवून निवृत्त झाले. आता एका रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीवर आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांना अशी समिती लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 7 ते 15 सदस्य, त्यात डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार, एखादा सामान्य माणूस, आणि समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान जाणणारं कुणीतरी. माझा बराच वेळ मराठी संमतीपत्रं वाचण्यात जातो. 'सदर अभ्यासातील सहभाग ऐच्छिक असून' असलं वाक्य मुळशीच्या आजीला कळेल का? तिला प्रवासखर्चाचे दीड हजार दिले तर ती भरपाई, की आमिष? मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या 'हो'ला स्वेच्छा म्हणायचं का? यावर एकदा दोन तास वाद झाला, चहा गार झाला, आणि शेवटी रक्कम तिकिटाप्रमाणे ठरली. मानधन फारसं नाही, हे ताईंपासून लपवू नका.

धागाकर्ता
ताईला सगळं वाचून दाखवलं. सूनबाईंचं ऐकताना डोळे पुसले तिनं. मग विचारलं, "ते तासिका तत्त्व म्हणजे तासाला किती पडतात?" उपरा, सांगता का?