विराणीतला विरह खरा धरायचा की रूपक?

ओवीखोर
ज्ञानदेवांच्या विराण्यांबद्दल (विरहिणीच्या तोंडच्या अभंगांबद्दल) विचारायचं आहे. 'घनु वाजे घुणघुणा'त चांदणं नकोसं झालंय, चंदनाची चोळी अंग पोळतेय, फुलांची शेज आगीसारखी लागतेय. त्यातलं कान्हा, देवकीनंदन आणि शेवटचं 'बापरखुमादेविवर' (विठ्ठल; ज्ञानदेवांची नाममुद्रा) काढलं तर उरतं ते चोख प्रेमकाव्य. विवरणांमध्ये मात्र लगेच चंदन म्हणजे अमुक, चांदणं म्हणजे तमुक सुरू होतं. मग वाचायचं कसं? देवाचा शोध नेमका कुठल्या ओळीत दिसतो?

पाठभेद
चंदनाचा अर्थ लावत बसू नका. ते सामान ज्ञानदेवांनी घडवलेलं नाही, विप्रलंभ शृंगारातलं, म्हणजे विरहाच्या प्रेमकाव्यातलं, ठरलेलं आहे. संस्कृत-प्राकृतातल्या विरहिणींना गार वस्तू कधीपासून पोळताहेत! प्रत्येक वस्तूला एकेक तत्त्व चिकटवलं की दाह विझतो, आणि दाह विझलेली विराणी म्हणजे नुसतं कोष्टक.

आधी सरळ प्रेमकविता म्हणून वाचा. कोणती कल्पना परंपरेतून आली आहे त्यावर खूण करा. मग संकेत, म्हणजे ही ठरलेली रीत, कुठे मोडलाय ते शोधा. इथे तो शेवटी मोडतो: 'दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें'. लौकिक विरहिणी आरशात पाहते तेव्हा तिला सुकलेला चेहरा दिसतो. इथे चेहराच नाही. 'वेगीं भेटवा' म्हणणारीच नाहीशी झाली आहे, आणि पुढची ओळ सांगते की हे विठ्ठलानेच केलं. ज्याच्या नसण्याची तक्रार चालली होती, तो आत कामाला लागलेलाच होता. पण ही ओळ लागू पडते ती आधीची कडवी अंगाला चटका देतात म्हणून. चोळी पोळली नसती तर आरसा रिकामा असण्याचं काय वाटणार?

'पैल तो गे काऊ' असंच तपासा. कावळा उडवणारी विरहिणी १२व्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताच्या व्याकरणातल्या एका अपभ्रंश (प्राकृतानंतरच्या भाषेतल्या) दोह्यात आहे. कावळा उडवता उडवता तिला अचानक प्रियकर दिसतो. अर्ध्या बांगड्या रोडावलेल्या हातातून गळून पडतात, उरलेल्या अर्ध्या हर्षाने फुटतात. म्हणजे तिथे प्रियकर येतो. ज्ञानदेवांच्या विरहिणीने कावळ्याला सोन्याने मढवलेले पाय, दहीभात, दूध सगळं कबूल केलं, तरी हाती येतो तो शकुनच. पंढरीराणा उंबऱ्यावर दिसत नाही.

गाथेकर
तुकोबांच्या विराण्यांत संकेत निराळ्या जागी मोडतो. 'आधिल्या भ्रतारें काम नव्हे पुरा । म्हणोनि व्यभिचारा टेकलियें.' आधीचा नवरा म्हणजे संसार, हे उघड आहे आणि त्यावर थांबण्यासारखं काही नाही. खरी गोष्ट पुढे आहे. गाथासप्तशती या जुन्या प्राकृत गाथासंग्रहातलं चोरटं प्रेम लपूनछपून चालतं. सासू, शेजारीण, गाव यांची नजर चुकवण्यातच त्याची गंमत असते. तुकोबांची नायिका मात्र 'वाळो जन मज म्हणोत शिंदळी' (लोक वाळीत टाकोत, व्यभिचारिणी म्हणोत) असं स्वतःच सांगून मोकळी होते. जनाबाईच्या नावावरच्या अभंगात डोईचा पदर खांद्यावर येतो आणि ती भरल्या बाजारी निघते. वासना तीच, पण लपणं गेलं. हे शब्द सौम्य करून अर्थ देणाऱ्या आवृत्त्या टाळा. 'शिंदळी'चं 'भक्त' केलंत की ओळीतला धोका संपला.

शास्त्रीबुवा नव्हे
नारदभक्तिसूत्रं या भक्तीवरच्या संस्कृत ग्रंथातली २१ ते २४ ही सूत्रं सलग वाचा. आदर्श म्हणून व्रजातल्या गोपी दिल्या आहेत, आणि लगेच बजावलं आहे की माहात्म्याचं भान सुटलं तर ते जारांच्या (चोरट्या प्रियकरांच्या) प्रेमासारखं. कारण तिथे प्रियाच्या सुखाने सुखी होणं नसतं. कविता ताडून पाहायला हा बरा प्रश्न आहे: नायिका स्वतःचा दाह शमवायला भेट मागतेय, की आणखी काही? (गंमत म्हणजे 'घनु वाजे'ची शेवटाआधीची कडवी या कसोटीला सहज उतरत नाहीत. मला ती त्यामुळेच आवडतात.) काव्यशास्त्रातही यावर एकमत नव्हतं. काव्यशास्त्रकार मम्मटाने देवाविषयीच्या रतीला (प्रेमाला) नुसता 'भाव' म्हटलं, रस (पूर्ण काव्यास्वाद) मानलं नाही; १६व्या शतकात वैष्णव आचार्य रूप गोस्वामींनी भक्तीलाच रस ठरवून शृंगाराला त्यात सर्वांत वरची जागा दिली.

ओवीखोर
मग गवळणींनाही हेच लावायचं?

पाठभेद
सरसकट नको. अनेक गवळणी खोड्यांच्या आणि तक्रारींच्याच आहेत, त्यात विरह शोधू नका. शिवाय आधी छापील पाठ पाहा; गाताना कडवी गळतात, आणि गळालेल्या कडव्यातच तो मोड असू शकतो.

एकनाथांची 'वारियाने कुंडल हाले' मात्र वेगळी काढून वाचा. हरीला पाहून राधा रिता डेरा घुसळते, इथवर नेहमीचंच. पण राधेला पाहून हरीही भुलतो आणि नंदाघरी बैल दोहायला बसतो. इथे आरसा रिकामा होत नाही, कुणी बाजारातही जात नाही. शोधणारी एकटी राधा आहे हे गृहीतकच मोडतं: ओढ देवालाही आहे, आणि तोही तिच्याइतकाच गोंधळलेला आहे.