विश्वासासाठी सोसलेलं: आपापले अनुभव इथे लिहा

धागा सुरू करणारी, नगर

सर्वांना जय ख्रिस्त.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर संदेश दिला. ज्यांचा छळ होतो त्यांना येशू धन्य म्हणतो, तो भाग. घरी येताना माझ्या सोळा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "आई, आपला कधी छळ झालाय का गं?" मी पटकन "नाही" म्हणून गेले. रात्री ओटा पुसताना मात्र एकेक आठवायला लागलं.

2003 साली मला पहिली नोकरी लागली, गाव नवं. खोली ठरली, अनामत दिली. आमचं आडनाव चारचौघांसारखंच आहे, त्यामुळे घरमालकीणबाईंना काही कळलं नव्हतं. त्यांनी मायेनं विचारलं, "देव्हारा पूर्वेला ठेवशील ना?" मी म्हटलं, "आमच्यात देव्हारा नसतो, आम्ही ख्रिस्ती." दुसऱ्या दिवशी अनामत परत मिळाली. पाच नोटा, जशा दिल्या होत्या तशाच घडी केलेल्या. बाई रागावल्या नव्हत्या, उलट डोळे खाली घालून बोलत होत्या. मी आठ दिवस स्टँडजवळच्या लॉजवर काढले आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

याला छळ म्हणायचं का, मला अजून ठरवता येत नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी फार मोठं सोसलं. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. आपल्याकडे टिळकांनी काय सोडलं ते नेहमी सांगतात. मला लक्ष्मीबाईंचं जास्त आठवतं. त्या तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या, त्यांचं दुःख विश्वासासाठी नव्हतं, पण विश्वासामुळे त्यांच्या वाट्याला आलं होतं.

मंडळीपुढे सांगतात तशा मोठ्या साक्षी मला नकोत, खरं घडलेलं हवं. माणसांची नावं लिहू नका. कुठल्या समाजावर राग काढू नका. काय झालं आणि तुम्ही काय केलंत, एवढं लिहा.

वसईहून

आधीच सांगतो, आम्ही वसईचे कॅथलिक संख्येनं भरपूर आहोत, त्यामुळे ताई म्हणतात तसं खोलीबिलीचं कधी सोसावं लागलं नाही. पण आमच्याकडे या विषयाची सुरुवात संत गोन्सालो गार्सियापासून होते. वसईत जन्मलेला मुलगा. आधी जपानात व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. जपानी येत असल्यानं मिशनऱ्यांचा दुभाषी म्हणून पुन्हा तिकडे गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. 1862 साली त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला संत हाच.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरनी सांगितलं होतं, की आधी क्योटोत या सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. मी त्या रात्री स्वतःचा कान धरून झोपलो होतो. मला क्रूसापेक्षा त्या चालण्याची भीती वाटली. क्रूसावर सगळं एका दिवसात संपतं. चालताना रोज सकाळी उठून पुन्हा "हो" म्हणावं लागतं.

आमच्या काळातलं एकच लिहितो. उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड झाली, तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, आयोजकांना धमक्यांचे फोन गेले. ज्या माणसानं आयुष्यभर मराठीत लिहिलं, ज्ञानोबा-तुकोबांवर बोलत राहिला, त्याला मराठीपण सिद्ध करायला लावलं. 2020 च्या जानेवारीत फादर आजारपणातही तिथे गेले आणि बोलले. माझी बायको टीव्हीसमोर रडत होती. आम्ही घरात कादोडी ही आमची वसईची बोली बोलतो, चारशे वर्षांहून जास्त काळ याच मातीत भाजी पिकवतो, आणि ऑफिसात मला अजून "पोर्तुगीज" म्हणतात. ते हसत म्हणतात. मला ते लागतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

मराठवाड्यातून

आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीन. आण्णा 2011 च्या मे महिन्यात दुपारी गेले. आमच्यात पुरतात. गावच्या स्मशानात पुरू देणार नाही म्हणाले. मग गायरानाच्या कडेला, जिथं आजीला पुरलं होतं, तिथं मी आणि चुलतभावानं खणायला घेतलं. मुरमाड जमीन, पहार मारली की ठिणगी उडायची. खड्डा कंबरेएवढा झाला तेव्हा दहा-बारा जण आले. बुजवा म्हणाले. शिवीगाळ नाही, हात उगारला नाही, नुसते कडेला उभे राहिले.

आम्हीच खणलेला खड्डा आम्हीच बुजवला.

तालुक्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या, बारदानात गुंडाळून आण्णांच्या दोन्ही बाजूंनी लावल्या. रात्रभर पाणी गळत होतं आणि आई ते फडक्यानं टिपत होती. पहाटे टेंपोतून तालुक्याच्या दफनभूमीत नेलं, 38 किलोमीटर. टेंपो दिला तो, जे कडेला उभे होते त्यांच्याच भावकीतल्या एकानं. डिझेलचे पैसे घेतले नाहीत. मातीला पण आला आणि शेवटपर्यंत थांबला.

मी पुढं चार वर्षं चर्चमध्ये गेलो नाही. धन्य-बिन्य काही वाटलं नाही. वाटलं ते इतकंच, की आण्णांना मी गावात जागा देऊ शकलो नाही.

मिरजेहून

मी नर्स. 1994 ते 2001 रियाधला होते. तिथे आपल्याला उघड उपासना करता येत नव्हती. चर्चच नाही. आम्ही आठजणी शुक्रवारी एकीच्या खोलीत जमायचो. पाच केरळच्या, दोघी फिलिपिन्सच्या आणि मी एकटी मराठी. दाराच्या फटीत चादर कोंबायची, टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मग प्रार्थना. गाणी ओठांतल्या ओठांत. माझं पवित्र शास्त्र नर्सिंगच्या पुस्तकाच्या वेष्टनात होतं.

एकदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घ्यायची सगळ्यांना फार ओढ लागली. ते द्यायला पाळक नाही, फादर नाही. चालतं का, यावर आमच्यात खरोखर भांडण झालं, दोघी रुसून महिनाभर आल्या नाहीत. शेवटी त्यातल्या वयानं मोठ्या सिस्टर म्हणाल्या, संस्कार नको, नुसती आठवण करू. मग खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, मोडून वाटला आणि द्राक्षाचा रस एकाच कपातून घेतला. तो बरोबर होता की चूक, मला माहीत नाही. त्या कपाची चव मात्र अजून जिभेवर आहे.

परत आल्यावर पहिल्या रविवारी इथल्या चर्चमध्ये पेटी सुरू झाली, सगळे उभे राहिले, आणि मला मोठ्यानं गाताच येईना. सात वर्षांत गळ्याला सवयच राहिली नव्हती. शेजारच्या बाईंना वाटलं मला बरं नाहीये.

पुण्याहून

वरच्या ताईंनी रुसव्याचं लिहिलं म्हणून धीर आला, नाहीतर मी लिहिणार नव्हते.

मी 26 व्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. घरचं वातावरण सोवळ्याचं. भावाच्या लग्नाची पत्रिका मला मैत्रिणीकडून बघायला मिळाली. त्यात सगळ्यांची नावं होती, दोन महिन्यांच्या भाच्याचंसुद्धा "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" होतं. माझं नाही. मी ती पत्रिका पुन्हा पुन्हा वाचली, कुठे छपाईत राहून गेलं असेल म्हणून.

बरीच वर्षं मी याची साक्ष देत होते. मंडळीत लोक आमेन म्हणायचे. पण एक गोष्ट साक्षीत कधी आली नाही. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या गणपतीत मी घरी गेले होते आणि आईच्या तोंडावर म्हटलं होतं, की तू मातीपुढे हात जोडतेस. ती मोदक वळत होती. हात तसेच राहिले, वाफ येत राहिली. ती काही बोलली नाही. मला घराबाहेर त्या दिवशी काढलं, बाप्तिस्म्याच्या दिवशी नाही.

विश्वासामुळे जे सोसलं ते एक आणि माझ्या जिभेमुळे जे ओढवलं ते दुसरं. मी दोन्ही एकाच वधस्तंभावर टांगत होते. मागच्या वर्षी आईला पत्र लिहून एवढंच मान्य केलं. उत्तर आलं नाही. आता गुरुवारी दुपारी ती शेजारच्या काकूंच्या फोनवरून फोन करते. "जेवलीस का" विचारते, काय भाजी केली ते सांगते आणि ठेवते.

जालन्याहून

मी 24 वर्षांचा आहे. मोठ्यांचा मान ठेवून लिहितो.

आमचे पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्या भागातले आम्ही. पाणवठा वेगळा होता, तो ख्रिस्ती झाल्यावरही वेगळाच राहिला. म्हणजे गावानं जात काढून घेतली नाही. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती फक्त हिंदूंसाठी धरल्या, 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले, आम्ही बाहेरच. माझ्या वर्गातला मित्र, त्याचं घर आणि माझं घर यांची भिंत एक आहे. त्याचे आजोबा बौद्ध झाले, माझे पणजोबा ख्रिस्ती. त्याला एससीचा दाखला मिळतो, मला ओबीसीचा. अट्रॉसिटीचा कायदा त्याच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. गावात शिवी दोघांना एकच बसते.

रंगनाथ मिश्र आयोगानं 2007 मध्येच धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. 2022 मध्ये पुन्हा नवा आयोग बसवला. आणि चर्चमध्ये मला सांगतात, "बाळा, हा आपला क्रूस आहे, सोस." मला हे पटत नाही. क्रूस माणूस स्वतः उचलतो. हे दुसऱ्यानं आमच्या पाठीवर ठेवलंय. पौलालासुद्धा फिलिप्पैत फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप जा म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. या भागावर मी आजवर एकही संदेश ऐकला नाही.

निवृत्त, सोलापूर

जालन्याच्या मुला, सुरुवातीला तुझं वाचून मी चिडलो होतो. दोन दिवसांनी लिहितोय.

2008 च्या ऑगस्टनंतर कंधमालला ख्रिस्ती लोकांवर जे हल्ले झाले, त्यानंतर आमच्या मंडळीतून आम्ही चौघे कपडे आणि औषधं घेऊन ओडिशाला गेलो होतो. हजारो माणसं जंगलात पळाली होती, मग छावण्यांत आली. एका तंबूत एक म्हातारा भेटला, घर जळलेलं. भाषा कळत नव्हती, मधे एक मुलगा सांगत होता. मी त्याला धीर द्यायला गेलो आणि म्हणालो, की देवानं तुम्हाला या सन्मानासाठी निवडलं. मुलानं ते सांगितलं. म्हातारा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझे बैल कुठे गेले ते कुणी लिहून घेईल का?" माझ्याकडे वही होती. मी लिहून घेतलं. दोन बैल, एक पांढरा, एकाचं शिंग मोडलेलं. सायकल, भाताची कणगी, मुलीची दहावीची मार्कशीट. नंतर रांगच लागली. संध्याकाळपर्यंत मी तेवढंच केलं.

त्या लोकांनी रात्री छावणीत उपासना केली. मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, ती मी ऐकली. पण वही आधी भरली होती. तू म्हणतोस ते मला असं समजलं.

एक पाळक, विदर्भ

आमची मंडळी घरात भरते. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी काही तरुण मोबाइल वर धरून आत आले, पैसे देऊन धर्मांतर करता म्हणाले. पेटीची भाती फाटली, एका बहिणीच्या हाताला लागलं. पोलीस ठाण्यात आम्हालाच रात्री अकरापर्यंत बसवून ठेवलं. माझ्या खिशात तेव्हा एकशे चाळीस रुपये होते.

त्या आधी चाळीस जण यायचे. पुढच्या रविवारी अकरा आले. जे आले नाहीत त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, कुणाचं दुकान गावात आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय. मी त्यांच्या घरी जातो, चहा पितो, उपासनेचा विषय काढत नाही. एक आजोबा दर महिन्याला दानाचं पाकीट सायकलवाल्या पोराकडून पाठवतात. स्वतः येत नाहीत. पाकिटावर नाव नसतं, पण अक्षर मला ओळखू येतं.

पेटी दुरुस्त करून आणली. दोन सूर बसतात अजून.

धागा सुरू करणारी, नगर

मुलीला सगळं वाचून दाखवलं. तिनं एकच विचारायला सांगितलंय. मराठवाड्याच्या दादा, आण्णांनंतर तुमच्या गावात जागा झाली का?

मराठवाड्यातून

झाली, ताई. 2015 ला चर्चमध्ये परत गेलो तो त्याच कामासाठी गेलो, इतर दोन्ही घरांच्या सह्या पाहिजे होत्या. अर्ज ग्रामपंचायतीला दिला, एक प्रत तहसीलला. पहिल्या ग्रामसभेत विषय घेतला नाही, दुसऱ्या वेळी कोरम नव्हता. टेंपोवाला भाऊ तेव्हा सदस्य होता, त्यानं विषय लावून धरला. 2018 ला ठराव झाला. गायरानातच दोन गुंठे, ओढ्याच्या बाजूला. कुंपण आम्ही घातलं.

आणखी कुणाच्या गावात हीच अडचण असेल तर सांगून ठेवतो. अर्जाला जागेचा सात-बारा आणि हातानं काढलेला नकाशा जोडा, पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका आणि ठराव झाला की त्याच दिवशी सही-शिक्क्याची नक्कल मागा. आमची नक्कल मिळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत आई गेली. तिला तालुक्यालाच न्यावं लागलं, आण्णांच्या शेजारी.