एजीएम, एसजीएम, कमिटी मीटिंग... नक्की फरक काय?

कोथरूडकर: सोसायटीच्या बोर्डावर सारखी कसली ना कसली नोटीस असते, आता रीडेव्हलपमेंटसाठी एसजीएम लावलीय, एजीएमला जातोच मी, मग हिला नाही गेलो तर चालेल का?

सिंहगडरोडवाला: अजिबात नको! एजीएम म्हणजे वार्षिक सभा, हिशोब वगैरे, ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. एसजीएम मध्येच एखाद्या खास विषयासाठी लावतात, आणि तुमचा विषय तर घराचाच आहे की हो!

पेठेतली: कमिटी मीटिंग फक्त कमिटीवाल्यांची. आणि एक, एक पंचमांश मेंबरांनी लेखी मागितली तर महिन्याच्या आत एसजीएम बोलवावी लागते, सहकारी संस्था कायदा 1960, कलम 76. चेअरमन हे स्वतःहून सांगत नाहीत 😄

कोथरूडकर: बरं, जातो. रविवारची झोप गेली.