गाडीची बॅटरी उतरते आहे: डॅशकॅम काढून टाकावा का?

नमस्कार मंडळी,

गाडीच्या वायरिंगमधलं कळणाऱ्यांसाठी एक प्रश्न. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ उचलत नाही, नुसती टिकटिक ऐकू येते. जंपर लावला की लगेच सुरू होते. बॅटरी फार जुनी नाही. गॅरेजमध्ये तपासून घेतली, बॅटरी आणि ऑल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारा) दोन्ही ठीक निघाले, तरी ‘नवी बॅटरी टाकून बघा’ असाच सल्ला मिळाला.

गाडीत नंतर बसवलेल्या वस्तू अशा: पुढचा-मागचा डॅशकॅम, म्हणजे काचेवरचा रेकॉर्डिंग कॅमेरा (पार्किंग मोड चालू असतो, म्हणजे गाडी उभी असतानाही तो पहारा देतो), स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतले दोष वाचण्याचं सॉकेट) कायम लावलेला ब्लूटूथ स्कॅनर, आणि १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये फोनचा चार्जर. थंडी तोंडावर आली आहे आणि माझी ड्युटी पहाटेची असते. डॅशकॅम मात्र मला हवाच आहे. उभ्या गाडीला एकदा कोणीतरी ठोकून निघून गेलं, तेव्हापासून तो लावला. तो काढल्याशिवाय काही मार्ग आहे का?

*

ताई,

नवी बॅटरी इतक्यात घेऊ नका. बॅटरी धडधाकट आहे, चार्जिंगही होतं आहे, म्हणजे गाडी बंद असताना कुणीतरी करंट ओढत बसलं आहे. ते सापडलं नाही तर नवी बॅटरीही तशीच उतरेल. वारंवार पार उतरलेली लेड-अॅसिड बॅटरी मग खरोखर निकामी होते. प्लेटांवर लेड सल्फेट साचून कडक होतं आणि चार्जिंगनं ते पुरतं निघत नाही. म्हणून हे काम पुढे ढकलू नका, असं मनापासून सांगतो.

आधी थोडा हिशेब. कुलूप लावून उभी असलेली गाडीही थोडा करंट घेतेच: घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर. हा खप साधारण २० ते ५० मिलिअँप असला तर काळजी नाही. तुमची बॅटरी ६० अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँप साठ तास देणारी आहे असं धरा. ३० मिलिअँपनं ती निम्मी व्हायला चाळीसेक दिवस लागतील. त्याच गाडीत पार्किंग मोडमधला डॅशकॅम २५० मिलिअँप घेत असेल, तर एकटा तोच दिवसाला ६ अँपिअर-अवर खातो. पाच दिवसांत बॅटरी अर्धी. आणि हे बॅटरी सुरुवातीला पूर्ण भरलेली असेल तर. रोज दहा-पंधरा मिनिटंच गाडी चालत असेल, वर हीटर, दिवे आणि मागच्या काचेची जाळी चालू, तर ती कधीच पूर्ण भरत नाही. तुमचे दोन-तीन दिवस असे सहज जुळतात.

आता मोजायचं कसं ते. करंट मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. लाल वायर १० अँपच्या भोकात घाला. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करायची नाही. स्टार्टर शेकडो अँप ओढतो, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडेल. बॉनेट उघडं राहणारच, पण त्याची कडी स्क्रूड्रायव्हरनं खाली दाबून ठेवा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. दाराच्या कडीचंही तसंच. चावी गाडीपासून लांब ठेवा.

मग थांबा. इथे बहुतेकांची घाई होते. केबल जोडल्या जोडल्या मीटर काही अँप दाखवतो, कारण गाडीतले सगळे कंट्रोल मॉड्यूल (छोटे संगणक) जागे झालेले असतात. ते झोपायला कुठे दहा मिनिटं, कुठे अर्धा-पाऊण तास लागतो. आकडा स्थिर होईपर्यंत काहीच ठरवू नका. स्थिर झाल्यावर जास्त दिसला, तर नंतर लावलेल्या वस्तू एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी पुन्हा तेवढंच थांबा.

केबल सोडण्याआधी रेडिओला पुन्हा सुरू होताना कोड लागतो का हे गाडीच्या पुस्तिकेत बघून ठेवा.

*

काका, मधेच विचारतो. केबल सोडण्यापेक्षा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती नुसता चिमटा अडकवून करंट मोजणारा) सोपा नाही का? शिवाय खप कुठल्या सर्किटवर आहे ते शोधायला फ्यूज उपटत बसलं की मॉड्यूल परत जागे होतात.

*

अगदी बरोबर, पण क्लॅम्प डीसी करंट मोजणारा हवा आणि मिलिअँपमध्ये भरवशाचा हवा. घरगुती कामाचे बरेचसे क्लॅम्प फक्त एसीचे असतात. फ्यूजबद्दलही तू म्हणतोस ते खरं. त्याला चांगला उपाय म्हणजे फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मल्टिमीटर मिलिव्होल्टमध्ये लावायचा. शून्य दाखवलं तर त्या वाटेनं करंट जात नाही. एखाद-दोन दशांश मिलिव्होल्ट दिसले तरी त्या सर्किटवर काहीतरी चालू आहे. गाडीची झोपही मोडत नाही.

*

काका, मोजलं! भावानं मदत केली. पाऊण तासानं आकडा ३१० मिलिअँपवर थांबला. डॅशकॅमचा फ्यूज काढल्यावर १४५ वर आला. फोनच्या चार्जरनं काहीच फरक पडला नाही, चावी बंद केली की ते सॉकेटच बंद होतं. मग सहज म्हणून ओबीडीतला स्कॅनर काढला. आधी काहीच बदल नाही, पण वीस मिनिटांनी आकडा २८!

म्हणजे एवढासा स्कॅनर शंभराहून जास्त मिलिअँप खातो? त्याच्या खोक्यावर तर फार कमी लिहिलं आहे.

*

ताई, फार छान शोधलंत. वीस मिनिटं थांबलात म्हणून तो सापडला, नाहीतर निर्दोष सुटला असता.

खोक्यावरचा आकडा खोटा नसेल. ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस थेट येतो, चावी असो वा नसो. प्रमाणच तसं आहे. त्यामुळे स्कॅनर सतत चालू राहतो. पण खरा खप त्याचा नव्हे. काही स्कॅनर मधूनमधून गाडीच्या नेटवर्कवर माहिती विचारत राहतात, आणि प्रत्येक विचारणेला गाडीचे मॉड्यूल उठून उत्तर देतात. स्वतः थोडं खाऊन तो बाकी सगळ्यांना जागं ठेवतो. काम असेल तेव्हा लावा, झालं की काढा.

आता डॅशकॅम. तो काढायची गरज नाही, पण जोडणी पाहायला हवी. कॅमेरा थेट फ्यूजबॉक्सला जोडणाऱ्या हार्डवायर किटला तीन वायरी असतात: एक कायम चालू प्लसची, एक चावीबरोबर चालू-बंद होणारी, एक अर्थची (बॉडीला जोडायची). पहिल्या दोन्ही कायम चालू फ्यूजवर जोडल्या असतील तर कॅमेऱ्याला गाडी बंद झाल्याचं कळतच नाही, तो रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करत राहतो. चावी काढल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर पार्किंग मोडची खूण येते का, तेवढं बघा.

दुसरं, किटमधली व्होल्टेजची मर्यादा: बॅटरी तिथवर उतरली की किट कॅमेरा बंद करतं. बऱ्याच किटमध्ये ११.८, १२.०, १२.२, १२.४ असे पर्याय असतात. नेहमीची लेड-अॅसिड बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर १२.६ किंवा थोडं वर दाखवते ती पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२.० म्हणजे पाव. कॅमेऱ्याचा खप चालू असताना आकडा किंचित कमी दिसतो हे खरं, तरीही ११.८ ला बंद होणारं किट बॅटरी वाचवत नाही, ती संपल्यावर बंद होतं. थंडीत तर मर्यादा १२.४ वरच ठेवा. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. पार उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल शून्याच्या फार खाली न जाताही गोठू शकतं. गोठलेल्या बॅटरीला जंपर अजिबात लावायचा नाही, ती फुटू शकते.

किटमध्ये वेळेची मर्यादा असेल तर तीही वापरा. रात्री गाडी स्वतःच्या गॅरेजमध्ये असते का? मग तेवढा वेळ पार्किंग मोड बंदच ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी वायरमनही विसरतात. नव्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. आत किती गेलं, बाहेर किती आलं, हे तो मोजतो आणि त्यावरून गाडी चार्जिंग ठरवते. नंतर लावलेल्या वस्तूची अर्थ वायर थेट बॅटरीच्या खुंटाला जोडली तर तिचा खप सेन्सरच्या नजरेतून सुटतो. ती बॉडीच्या उघड्या लोखंडालाच जोडलेली हवी.

*

काका, माझा प्रश्न थोडा वेगळा. नवा स्टिरिओ आणि डिकीत अॅम्प (अॅम्प्लिफायर) बसवला आहे. बॅटरी अजून उतरलेली नाही, पण तुमचं वाचून शंका आली.

*

गाडी बंद करून, दार लावून वीसेक मिनिटांनी अॅम्पला हात लावून बघ. कोमट लागला किंवा त्याचा दिवा चालू दिसला तर अॅम्पला चालू-बंद करणारी रिमोटची वायर चुकीच्या जागी आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्याची ती वायर स्टिरिओकडूनच यायला हवी, म्हणजे स्टिरिओ बंद तर अॅम्प बंद. स्टिरिओच्या मागे सहसा पिवळी वायर कायम प्लसची आणि लाल चावीची. घाईत दोन्ही एकत्र जोडलेल्या मी अनेक गाड्यांत पाहिल्या आहेत. अॅम्पच्या जाड केबलला बॅटरीजवळच फ्यूज आहे ना, हेही बघ. तो बॅटरी उतरू नये म्हणून नव्हे, आग लागू नये म्हणून, आणि माझ्या लेखी ते जास्त महत्त्वाचं.

*

काका, खूप आभार. कॅमेऱ्याच्या दोन्ही वायरी खरंच एकाच फ्यूजवर होत्या. त्या वेगळ्या करून घेतल्या, मर्यादा १२.४ केली. आता चावी काढली की पार्किंगची खूण येते. पण पुढच्या महिन्यात काही आठवडे गाडी उभीच राहणार आहे. तेव्हा काय करू?

*

तेव्हा डॅशकॅमचा फ्यूज काढूनच ठेवा. मर्यादेवर तो बंद झाला तरी तिथून पुढे गाडीचा स्वतःचा खप चालूच राहतो, आणि पाऊण भरलेली बॅटरी घेऊन आठवडेच्या आठवडे काढणं बरं नाही. गाडीजवळ विजेचं सॉकेट असेल तर बॅटरी भरली की आपोआप मंदावणारा मेंटेनर लावून जा. बॅटरी एजीएम (आम्ल काचेच्या चटईत शोषलेल्या प्रकारची) असेल तर मेंटेनरवर तो पर्याय निवडा. सॉकेट नसेल तर निघण्याआधी रात्रभर चार्जरवर पूर्ण भरून घ्या. नुसतं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून ती भरत नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. त्यांच्याही दारांची कुलपं, पडदा आणि संगणक १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही उतरली तर गाडी उघडणंसुद्धा अवघड होतं.

डीसी क्लॅम्प मीटर माझ्याकडे आहे. ज्यांना हवा त्यांनी इथेच लिहा, आळीपाळीनं देतो.