सीएचरूटमध्ये /डेव्ह/नल साधी फाइल झाली आहे, परत कशी बनवू?

प्रश्न (टर्मिनलकर): यूएसबी डिस्कवरच्या डेबियनमध्ये (लिनक्सचा एक प्रकार) सीएचरूट केलं आहे, म्हणजे त्या डिस्कलाच मूळ फोल्डर धरून आत शिरलो आहे. रूटला (अ‍ॅडमिन खात्याला) काही अडत नाही, पण /डेव्ह/नल, म्हणजे नको असलेलं आउटपुट गिळून टाकणारं डिव्हाइस, बिघडलं आहे: दुसऱ्या युजरने चालवलेली प्रत्येक स्क्रिप्ट '/डेव्ह/नल: परमिशन डिनाइड' म्हणते. 'एलएस -एल'मध्ये (फाइलींची तपशीलवार यादी) ती ४१२ बाइटची साधी फाइल दिसते. 'एमकेनॉड' (डिव्हाइसची फाइल, म्हणजे नोड, बनवणारी कमांड) चालवलं तर 'फाइल एक्झिस्ट्स'. /डेव्हमध्ये टीटीवाययूएसबी० (यूएसबी-सिरियल अडॅप्टरचा नोड) सुद्धा नाही.

कर्नलवाला: /डेव्ह रिकामं असताना रूटच्या कुठल्यातरी स्क्रिप्टने आउटपुट तिकडे वळवलं आणि शेलने मुकाट्याने साधी फाइल तयार केली. तिचे हक्क ६४४, म्हणून बाकीच्यांना लिहिता येत नाही.

आधी पुसून मग बनवू नका. मधल्या क्षणात दुसरी स्क्रिप्ट तीच फाइल पुन्हा उभी करते. वेगळ्या नावाने बनवा आणि वरून सरकवा:

एमकेनॉड -एम ६६६ /डेव्ह/नल.नवा सी १ ३
एमव्ही -एफ /डेव्ह/नल.नवा /डेव्ह/नल

'सी' म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, १ मेजर (कोणता ड्रायव्हर), ३ मायनर (त्यातलं कोणतं डिव्हाइस). '-एम' गाळलंत तर युमास्क (नव्या फाइलचे हक्क कमी करणारी सेटिंग) हक्क कापतो आणि तेच रडगाणं पुन्हा सुरू. /डेव्हमधल्या बाकी नोडचे आकडे: झिरो १ ५, रँडम १ ८, युरँडम १ ९, टीटीवाय ५ ० (सगळे ६६६). 'एलएस -एल'मध्ये आता ओळ 'सी'ने सुरू व्हायला हवी, आणि आकाराच्या जागी '१, ३'.

टर्मिनलकर: '१, ३' दिसतंय. पण आता रूटलाही परमिशन डिनाइड!

बूटदुरुस्ती: मग ती डिस्क 'नोडेव्ह'ने (तिच्यावरचे नोड चालू न देणारा पर्याय) माउंट आहे. डेस्कटॉप बाहेरची डिस्क आपणहून जोडतो तेव्हा हेच करतो. 'फाइंडएमएनटी'ने बघा, मग 'माउंट -ओ रीमाउंट,डेव्ह' आणि पुढे माउंटपॉइंट.

खरं तर सीएचरूटसाठी हाताने नोड बनवत बसू नये. बाहेर येऊन 'माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह' करा (डिस्क /एमएनटीवर जोडलेली धरून). चालू मशीनचंच /डेव्ह आत दिसतं, सगळे नोड आयते मिळतात. फक्त ते काढल्याशिवाय /एमएनटीवर 'आरएम -आरएफ' चालवू नका, चालू मशीनचं /डेव्ह साफ होईल.

कर्नलवाला: बाइंड केल्यावरही टीटीवाययूएसबी० दिसलं नाही, तर कर्नलला अडॅप्टर सापडलेलाच नाही. १८८ ० चा नोड हाताने बनवता येतो, पण ड्रायव्हर लोड नसेल तर उघडताना 'नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस' येईल. नोड म्हणजे दारावरची पाटी, घर नव्हे. /प्रॉक/डिव्हाइसेसमध्ये (लोड असलेल्या ड्रायव्हरच्या मेजर आकड्यांची यादी) १८८ आहे का आणि 'डीमेसेज' (कर्नलच्या नोंदी) काय म्हणतो ते पाहा. हा नोड ६६६ नको. ६६० (फक्त मालक आणि गटाला हक्क) आणि गट डायलआउट.

पफरफिश: हे आकडे लिनक्सचे आहेत, बीएसडीवर वापरू नका. ओपनबीएसडीत अकरावी डिस्क जोडली आणि नोड नसला, तर /डेव्हमध्ये जाऊन 'एसएच मेकडेव्ह एसडी१०' चालवा. आकडे ती स्क्रिप्टच भरते. फ्रीबीएसडीत डेव्हएफएस (कर्नल स्वतः नोड भरतो असं /डेव्ह) आहे, तिथे एमकेनॉडने काही साधत नाही. जेलमध्ये (फ्रीबीएसडीतली सीएचरूटसारखी बंदिस्त जागा) हवं असेल तर डेव्हएफएसच माउंट करा.