पाड्याचा ४.२ किमी रस्ता: आधी डांबर की आधी मोऱ्या?

सातपुडा_पाडा
धडगाव तालुक्यातला पाडा, लोकसंख्या ३१०. मुख्य रस्त्यापासून ४.२ किमी खडीकरण झालंय. सात ठिकाणी नाले आडवे येतात, पण पाणी रस्त्याखालून काढणाऱ्या मोऱ्या दोनच, त्याही ४५० मिमी पाइपच्या, निम्म्या गाळाने भरलेल्या. मधला ९०० मीटर तुकडा वनजमिनीत आहे. यंदाच्या निधीत एकतर सगळ्या लांबीवर २० मिमी कारपेट (डांबर-खडीचा पातळ थर) होईल, नाहीतर मोऱ्यांसकट साधारण निम्मा रस्ता. पाड्यावरच्या लोकांना अर्थातच सगळीकडे डांबर हवंय. काय मागावं? आणि प्रधानमंत्री ग्रामसडकच्या चौथ्या टप्प्यात हे बसतं का?

जुना_ओव्हरसियर
आधी योजनेचं बघू. चौथ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२४-२५ ते २०२८-२९, ६२,५०० किमी, २५,००० वस्त्या, ७०,१२५ कोटी. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी १.१२ कोटी. आपल्याकडे केंद्र ६०, राज्य ४०. लोकसंख्येची अट २०११ च्या जनगणनेवर: सपाटीवर ५००, पाचव्या अनुसूचीच्या (आदिवासी) क्षेत्रात २५०. धडगाव अनुसूचित क्षेत्रात येतं, त्यामुळे ३१० चालेल. फक्त हा आकडा २०११ चा आहे ना, आजचा नाही ना, ते तपासा.

खरी अडचण वेगळीच. योजना आहे ती न जोडलेल्या वस्त्यांसाठी, आणि 'जोडलेली' म्हणजे बारमाही रस्ता असलेली. बारमाहीला डांबर लागत नाही, मोऱ्या असल्या तर खडीचा रस्ताही बारमाही धरतात. तुमच्या पाच नाल्यांवर काहीच नाही, हाच तुमचा मुद्दा. पावसाळ्यात प्रत्येक नाल्यावर पाणी असतानाचे अक्षांश-रेखांश असलेले फोटो काढा आणि ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडा. त्याआधी घाईने २५-१५ मधून (ग्रामविकासचा गावातल्या कामांचा निधी) किंवा ठक्कर बाप्पातून (आदिवासी वस्ती सुधार योजना) वर कारपेट ओढलंत, तर कागदावर रस्ता पक्का होईल आणि पाडा यादीतून बाहेर पडण्याचा धोका आहे. नाले मात्र तसेच.

दोन कागद आजच बघा. रस्त्याला ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग) क्रमांक आहे का? नसेल तर पैसे मिळायला अडचण येते. दुसरं वनजमिनीचं. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर वळती करता येते. ९०० मीटर गुणिले ६ मीटर म्हणजे ०.५४ हेक्टर. बसतं. मात्र घाटाचं कटिंग आणि माती टाकायची जागा धरून मोजा, नाहीतर रेंजर काम अडवतो. खासगी जमिनीला या योजनेत मोबदला नाही, संमतीपत्रं आधीच गोळा करा.

खडी_क्रशर
आधी मोऱ्या. यात दुमत असायचं कारण नाही. २० मिमी ओपन ग्रेडेड कारपेटला स्वतःची ताकद नसते, वरच्या सीलकोटसकट (छिद्रं बुजवणारा डांबराचा थर) ते नुसतं पाणी अडवणारं झाकण आहे. डोंगराकडच्या बाजूने पाणी खडीच्या थरात शिरलं की खालचा मुरूम मऊ पडतो. त्यावरून वाळूचा एक डंपर गेला की चाकाच्या रेषेत मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात, मग खड्डा.

पाइप किमान ९०० मिमी, जमलं तर १००० मिमी, एनपी-३ (सळईच्या काँक्रीट पाइपचा मजबुतीचा वर्ग). त्याहून लहान पाइपात माणूस शिरून गाळ काढू शकत नाही, म्हणून तो कधीच निघत नाही. पाइपवर ६०० मिमी भराव हवा. खालच्या बाजूला दगडी एप्रन (फरसबंदी) टाका, नाहीतर दोन पावसाळ्यांत हेडवॉलखालचं (मोरीच्या तोंडाची भिंत) सगळं वाहून जातं. बाजूची नाली डोंगराकडे सलग हवी. खालचा जीएसबी (खडी-मुरमाचा पाया) थर साइडपट्टीतून पार बाहेरच्या कडेपर्यंत न्या. तो मातीत कोंडला तर थरात शिरलेलं पाणी तिथेच साचतं.

डांबरवाला_नाशिक
सहमत, पण एक भर. चढ ७ टक्क्यांच्या वर असेल तिथे कारपेट मागूच नका, काँक्रीट मागा. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये चढताना चाक घसटून कारपेट सोलून काढतो. पाड्याच्या आत घरांचं सांडपाणी रस्त्यावर येतं, तिथेही काँक्रीटच.

दुसरं, अंतर. हॉटमिक्स प्लान्ट खाली सपाटीला आणि काम वर घाटात. ओपन ग्रेडेड माल लवकर निवतो. व्हीजी-३० प्रतीचं डांबर असेल तर रोलिंग ९० अंशांच्या वर असतानाच संपायला हवं. टेम्पो घाटात दीड-दोन तास अडकला तर तो माल दाबला जात नाही, नुसता पसरतो. अशा ठिकाणी इमल्शनचं (पाण्यात मिसळलेलं डांबर) कोल्ड मिक्स अंदाजपत्रकात घ्यायला सांगा. जागेवरच मिसळता येतं, खडी किंचित ओलसर असली तरी चालतं. इमल्शन तुटून (पाणी वेगळं होऊन) काळं पडेपर्यंत रोलर मात्र चढवायचा नाही.

सातपुडा_पाडा
मोऱ्या पक्क्या करतो, काँक्रीटचंही मांडतो. डांबराच्या दिवशी गावकऱ्यांनी नेमकं काय बघायचं? डांबर कमी टाकलं तर कळतं का?

खडी_क्रशर
कळतं, हिशेब सोपा आहे. ३.७५ मीटर रुंदीत १ किमी म्हणजे ३,७५० चौरस मीटर. हॉटमिक्स कारपेटला दर १० चौ.मी.ला १४.६ किलो डांबर, म्हणजे सुमारे ५.५ टन. वरचा सीलकोट अ प्रकारचा (डांबर ओतून वर बारीक खडी) असेल तर ९.८ किलोने ३.७ टन, ब प्रकारचा असेल तर ६.८ किलोने अडीच टन. दीडशे सेंमीच्या वर पाऊस असेल तर अ प्रकार. थोडक्यात किलोमीटरला ८ ते ९ टन, कारपेटखाली मारायच्या प्राइम आणि टॅक कोटचं इमल्शन वेगळं. रुंदी ३ मीटर मंजूर असेल तर त्या प्रमाणात कमी धरा. रिफायनरीचं मूळ चलन शाखा अभियंत्याकडे जमा असतं. टनांची बेरीज मोजमाप पुस्तिकेतल्या लांबीशी लावून बघा.

जागेवर एकच गोष्ट बघायची तर प्राइम कोटच्या आधीची झाडलोट. खडीवरची धूळ तारेच्या ब्रशने काढून दगडांची तोंडं दिसली पाहिजेत. धुळीवर इमल्शन मारलं तर कारपेट चपातीसारखं उचलतं, हाताने. प्राइम कोट मारल्यावर किमान एक दिवस गाडी नको.

जुना_ओव्हरसियर
आणि फलक. ग्रामसडकच्या कामाला पाच वर्षांचा दोषदायित्व काळ (दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचा) असतो आणि देखभालीचा करार निविदेतच असतो. ठेकेदाराचं नाव आणि काम संपल्याची तारीख फलकावर लिहून घ्या. त्या काळात नाली तुंबली, खड्डा पडला, साइडपट्टी वाहिली तरी जबाबदारी त्याचीच. तक्रार 'मेरी सडक' ॲपवर फोटोसह टाका, पण हे ॲप ग्रामसडकच्याच रस्त्यांना चालतं. दुसऱ्या योजनेच्या निधीतून काम झालं तर दोषदायित्व किती वर्षांचं, ते त्या निविदेत आधी वाचून घ्या.