सॉरी, अपॉलोजाइज आणि रिग्रेट : कुठे कोणता?

प्रश्न : कामाला उशीर झाल्याबद्दल ग्राहकाला इंग्रजीत पत्र लिहायचं आहे. 'सॉरी' फार घरगुती वाटतं, म्हणून मसुद्यात 'आय रिग्रेट द डिले' असं लिहिलंय. सहकारी म्हणते, 'आय अपॉलोजाइज' हवं. अर्थ एकच असेल तर यांतला जास्त औपचारिक कोणता?

उत्तर : सहकारी बरोबर सांगते आहे, आणि ते औपचारिकतेमुळे नव्हे. अर्थ एकच नाहीये. 'रिग्रेट' म्हटलं की जे घडलं ते वाईट झालं, एवढंच पोचतं; कोणामुळे घडलं ते सांगितलंच जात नाही. 'अपॉलोजाइज' म्हणणारा चूक स्वतःकडे घेतो. 'उशीर झाल्याचा खेद वाटतो' आणि 'उशिराबद्दल माफी मागतो' यांत जे अंतर आहे, तेच इथे आहे. उशीर तुमच्याकडून झाला असेल, तर 'रिग्रेट' वाचून ग्राहकाला वाटेल, हे अंग काढून घेताहेत.

हे अंतर किती मोठं असू शकतं बघा. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला शंभर वर्षं होत असताना, एप्रिल २०१९मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत 'डीपली रिग्रेट' असे शब्द वापरले. माफी मागितली नाही. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथेच स्पष्ट माफीची मागणी केली. म्हणजे दोन्ही बाजूंना शब्दांची किंमत नेमकी ठाऊक होती.

आणखी एक उत्तर : वरच्या मुद्द्याशी सहमत, पण 'सॉरी' घरगुती आहे हे मला पटत नाही. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुलं सरकारने आईबापांपासून तोडून नेली होती. त्याबद्दल १९९९मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या ठरावात फक्त 'रिग्रेट' होतं. लोकांना 'सॉरी' हा शब्दच ऐकायचा होता. १९९८पासून २६ मे हा दिवस तिथे 'सॉरी डे' म्हणून पाळला जात होता. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत 'अपॉलोजाइज' आणि 'सॉरी' हे दोन्ही शब्द उच्चारले. याहून औपचारिक जागा कोणती असणार?

'सॉरी' हलका वाटतो तो एकटा, तुटक टाकला की. 'सॉरी फॉर द डिले' हे रोजच्या ओळखीतल्या माणसाला ठीक. 'आय ॲम व्हेरी सॉरी दॅट...' असं पूर्ण वाक्य केलं की तोच शब्द गंभीर होतो, आणि 'अपॉलोजाइज'पेक्षा मनापासूनचा वाटतो. या शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या दुखण्याच्या, ठणकण्याच्या शब्दात आहे. म्हणूनच कोणी गेलं तर 'आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस' म्हणतात. तिथे 'अपॉलोजाइज' म्हटलं, तर मृत्यूला आपणच कारणीभूत आहोत असा भलताच अर्थ होईल.

व्याकरणाचं थोडक्यात : 'आय अपॉलोजाइज यू' चूक. माणसासाठी 'टु', गोष्टीसाठी 'फॉर'. 'रिग्रेट'मध्ये मात्र खरी गंमत आहे. 'आय रिग्रेट टु टेल यू' म्हणजे वाईट बातमी आता सांगतोय. 'आय रिग्रेट टेलिंग यू' म्हणजे सांगून बसलो, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. नकाराच्या पत्रात पहिलंच हवं.

प्रश्नकर्ती : उशीर माझ्यामुळे नसून वादळाने वाहतूक बंद पडल्यामुळे झाला असेल तर?

उत्तर : मग 'रिग्रेट' अगदी योग्य, कारण चूक कोणाचीच नाही. फक्त 'वी रिग्रेट एनी इनकन्व्हीनियन्स' हे ठोकळेबाज वाक्य नको. त्यातल्या 'एनी'मुळे 'झाला असेल त्रास, तर' असा सूर लागतो. त्रास झालेला आपल्याला माहीत आहे ना? मग 'द इनकन्व्हीनियन्स' लिहा, आणि पुढच्याच ओळीत काम कधी मिळेल ती तारीख द्या.